समुद्रकिनाऱ्यावरच्या जंगली गुलाबाचा गुलकंद होतो का?

बरणीवाली
नमस्कार मंडळी, आम्ही बॉस्टनजवळ राहतो आणि गेल्या रविवारी केप कॉडला गेलो होतो. तिथे वाळूत अगदी पाण्यापासून थोड्याच अंतरावर गुलाबाची झुडपंच्या झुडपं, कंबरेएवढी, गर्द गुलाबी फुलं, पाचच पाकळ्या, आणि वास!! गाडीचं दार उघडल्या उघडल्या आला. आपल्या गावठी गुलाबासारखाच पण मागून थोडी लवंग आहे असं वाटलं मला. आजी गावठी गुलाबाचा गुलकंद करायची, बरणी पत्र्यावर उन्हात असायची महिनाभर, आम्ही पोरं चोरून चमचे मारायचो. इथे इंडियन स्टोअरमधला गुलकंद म्हणजे नुसता साखरेचा गोळा, वास नावाला. तर या फुलांचा करता येईल का? विषारी वगैरे नाही ना? आणि इथल्या उन्हात होईल का? कोणी केलाय का?

मातीचे_हात
ताई, पानं बघितलीत का नीट? सुरकुतलेली, शिरा खोल गेलेली, आणि फांदीवर बोट ठेवायला जागा नाही इतके बारीक काटे असतील तर तो रोझा रुगोसा. रुगोसा म्हणजेच सुरकुतलेला. मूळचा तिकडचा नाहीच तो, जपान, कोरिया, ईशान्य चीन, सखालिन इकडचा. जपानीत हामानासु म्हणतात, होक्काइदोचं ते राज्यफूल आहे. खारं वारं, वाळू, थंडी सगळं सोसतो म्हणून किनाऱ्याची वाळू धरून ठेवायला लोकांनी लावला आणि मग तो स्वतःच पसरत गेला.
खायला चालतो, बिनधास्त. चीनमध्ये याच्याच पाकळ्या साखरेत मुरवून पेस्ट्रीत भरतात, म्हणजे गुलकंदाचा चुलतभाऊच की. फक्त रस्त्याकडेची किंवा कोणाच्या बागेतली फवारलेली फुलं घेऊ नका. फुलवाल्याकडची तर अजिबातच नको. आणि वाळूच्या टेकड्यांवर जाऊ नका अशा पाट्या असतात त्या पाळा, तिथे पक्षी अंडी घालतात आणि वाळू सरकते ती वेगळीच. जमल्यास नर्सरीतून एक रोप आणून घरी लावा, मात्र मुळातून फुटवे येतात, मोठ्या कुंडीत लावलंत तर बरं.

चिमूटभर_साखर
मी केलाय, न्यू जर्सीत, दोन वर्षं. पहिल्या वर्षी आख्खी बरणी फेकावी लागली, बुरशी आली, जीव हळहळला अगदी. कारण एकच, पाकळ्या धुतल्या आणि नीट सुकवल्याच नाहीत. आता सकाळी दव उडालं की तोडते, फुल पूर्ण तोडत नाही, फक्त पाकळ्या ओढून घेते, मधला भाग झाडावरच राहतो म्हणजे पुढे फळ धरतं. पाकळीच्या बुडाशी पांढरट टोक असतं ते कात्रीने कापायचं, ते कडू लागतं, कंटाळवाणं काम आहे पण करा. मग वजनाने पाकळ्यांच्या दुप्पट साखर, मी खडीसाखर भरड कुटून घेते, एक थर पाकळी एक थर साखर, काचेची कोरडी बरणी. मोठी पिशवी भरून पाकळ्या आणल्या तरी वजन फार भरत नाही त्यामुळे छोटीच बरणी घ्या. दोन-तीन दिवसांत साखर पाकळ्यांतलं पाणी ओढते आणि सगळं खाली बसतं, रंग आधी झगमगीत गुलाबी मग हळूहळू काळपट होतो, घाबरू नका. दक्षिणेकडची खिडकी, रोज कोरड्या चमच्याने वरखाली. जूनचं ऊन तिकडेही चांगलं असतं, मला चार आठवडे लागले.

थंडीतली_मराठी
फळं पण सोडू नका हो! मी स्वीडनमध्ये असते, इथे गुलाबाच्या फळांचं गोड सूप करतात, न्यूपॉनसॉप्पा, दुकानात पावडरचं पाकीट मिळतं, गरम करून वर व्हॅनिला आइस्क्रीम. रुगोसाची फळं ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात, छोट्या चपट्या टोमॅटोसारखी लालबुंद. क जीवनसत्त्व भरपूर, जंगली गुलाबाच्या फळात 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅमच्या आसपास, संत्र्यात 50 एक असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला संत्री मिळेनात तेव्हा शाळेतली मुलं झुडपांवरून अशी फळं गोळा करायची आणि त्याचं सिरप लहान बाळांना देत. पण एक लक्षात ठेवा, फळ कापलं की आत बियांभोवती बारीक केस असतात, आपली खाजकुयली आठवेल, मी पहिल्यांदा हातमोज्याशिवाय साफ केली तर रात्रभर बोटं खाजत होती आणि घशात गेले तर विचारूच नका. म्हणून उकळून, चेचून, दुहेरी मलमलीतून दोनदा गाळा. तांब्याचं भांडं नको, क जीवनसत्त्व जातं.
आणि लावायचं म्हणत असाल तर आपल्याकडचे नियम बघा आधी. फिनलंडमध्ये 2022 पासून हे झुडूप लावायला, वाढवायलाच बंदी आहे, किनाऱ्यावरची तिथली मूळ झाडं दाबून टाकतं म्हणून.

बरणीवाली
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! पानं फोटोत झूम करून पाहिली, सुरकुतलेलीच आहेत. इथे एका मैत्रिणीच्या अंगणात कुंपणालाच हे झुडूप आहे, ती फवारणी करत नाही आणि हवी तेवढी फुलं ने म्हणालीये, त्यामुळे किनाऱ्यावरची तोडायची गरजच नाही. शनिवारी सकाळी जाणार. @चिमूटभर_साखर ताई, वेलची आणि बडीशेप सुरुवातीलाच घालता की शेवटी?

चिमूटभर_साखर
शेवटी गं, बरणी उन्हातून काढल्यावर. आणि या गुलाबाला वेलची थोडीच घाल, त्याचा स्वतःचा लवंगेचा वास झाकला जातो. बडीशेप मी घालतच नाही.