शब्दचर्चा: 'स्थानांतरण' की 'अदलाबदल'?

फोंडा: मावशीच्या डोळ्यात खालच्या पापणीआड गुलाबी डाग होता. बायोप्सीत माल्ट लिम्फोमा (लिम्फ पेशींचा एक कर्करोग) निघाला. रिपोर्टात 'ट्रान्सलोकेशन' आहे, कोशात त्याला 'स्थानांतरण' दिलंय. ते वाचून काकांचा चेहराच पडला, "म्हणजे डोळ्यातून दुसरीकडे पसरला?" दुसरा शब्द आहे का? शिवाय 'गुणसूत्रदोष' म्हटल्यावर मावसभावाला वाटतंय, हे आपल्यातही येणार.

म्हापसा: काकांचं चुकलं नाही. स्थानांतरण म्हणजे मुक्काम हलवणं. इथे काय हलतं ते आधी कळायला हवं.

बांबोळी (लॅबमध्ये काम करतो): आजार हलत नाही, गुणसूत्राचा तुकडा हलतो. ११ आणि १८ क्रमांकाची गुणसूत्रं तुटतात आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. त्यात एपीआय२ आणि माल्ट१ ही जनुकं जोडली जातात, पेशीला 'जगत राहा, वाढत राहा' असा निरोप सतत मिळत राहतो. 'तुकड्यांची अदलाबदल' लिहा. आणि हे बिघाड फक्त लिम्फोमाच्या पेशींत, जन्मानंतर झालेले असतात. मावसभावाला सांगा, हे वारशाने येत नाही. म्हणून 'दोष'पेक्षा 'बदल' बरा.

फोंडा: 'ट्रायसोमी ३' पण आहे. त्रिसूत्रता?

म्हापसा: नको हो, सरकारी त्रिसूत्री कार्यक्रम वाटतो! '३ क्रमांकाचं गुणसूत्र एक जादा' म्हणा.

बांबोळी: बरोबर. दोनच्या जागी तीन प्रती. डोळ्याभोवतीच्या माल्ट लिम्फोमात ३ आणि १८ ची जादा प्रत बऱ्याचदा दिसते, अदलाबदल मात्र पुष्कळांत सापडतच नाही. कधी ६ क्रमांकाचा एक तुकडा गळतो, त्यात ए२० हे लगाम घालणारं जनुक असतं. त्याला सरळ 'लोप' म्हणतात.

एक मात्र सांभाळा. १४ आणि १८ ची अदलाबदल फॉलिक्युलर लिम्फोमातही असते, पण तिथे जनुक बीसीएल२, माल्टमध्ये माल्ट१. दोन्ही १८ वर अगदी शेजारी, त्यामुळे नुसते आकडे लिहिले तर दोन वेगळे आजार एकच वाटतात. जनुकाचं नाव गाळू नका.

फोंडा: आणि 'फिश' तपासणी? काका विचारतायत, नुस्तें (मासे) बंद करायचं का!

बांबोळी: खुशाल खाऊ द्या. ते आद्याक्षरांचं नाव आहे. चमकणारे रंग लावून पेशीतली गुणसूत्रं बघतात. मराठीत 'फिश'च ठेवा, फक्त पुढे 'गुणसूत्र तपासणी' जोडा.