मदत हवी आहे: कबड्डी, गुडघा आणि नोकरी

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ 19 वर्षांचा, कबड्डीत डावा कोपरा, म्हणजे बचावातली जागा, खेळतो. कुमार गटात जिल्ह्याकडून खेळलाय. घोट्याची पकड अशी की गावच्या मैदानावर चढाईवाले त्याच्या बाजूला जायचंच टाळतात! पण मागच्या पावसाळ्यात मॅटवर पाय अडकला आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन होऊन आठ महिने झालेत. पळतो व्यवस्थित, पण झेप घ्यायच्या ऐन क्षणी थबकतो. डोळ्यांत भीती दिसते, दुसरं काही नाही. वजन मात्र 78 वर गेलंय. कुमार गटाची मर्यादा 70 किलो, प्रो कबड्डीत 85 चालतं, मग आता उतरवायचं की तसंच ताकदीत बदलायचं?

2024 मध्ये कर्णधार अस्लम इनामदारने पुणेरी पलटणला प्रो कबड्डी लीग जिंकून दिली तेव्हापासून याच्या डोक्यात फक्त लीग. आई म्हणते, आधी नोकरी बघ. तिचंही खरंच आहे, दरवर्षी लीगच्या खेळाडू लिलावात किती पोरं बिनबोलीची राहतात.

तर विचारायचं असं: लिगामेंटच्या ऑपरेशननंतर बचावपटू म्हणून परत उभं राहिलेलं कुणी इथे आहे का? पहिली खरी पकड किती महिन्यांनी केलीत? आणि सरकारी भरतीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणी केलेल्यांनी जरा सांगा, जिल्ह्याचं प्रमाणपत्र पुरतं की राज्य स्पर्धेतलं पदकच लागतं? क्लबात प्रत्येक जण वेगळंच सांगतो.