इंजिन बदललं, आता ओबीडी सॉकेटचं वायरिंग अडलंय

मंडळी, मदत हवी आहे. जुन्या गाडीत दुसऱ्या मॉडेलचं इंजिन त्याच्याच ईसीयूसकट (इंजिन चालवणारा कंप्युटर) बसवलंय. गाडी झकास चालते, पण ओबीडी सॉकेटला (बिघाड तपासायचं यंत्र जोडायची जागा) लावलेला स्कॅनर काही केल्या ईसीयूशी बोलत नाही. सॉकेटच्या १६ नंबर पिनला फ्यूजमधून कायमचा १२ व्होल्ट, ४ आणि ५ ला अर्थ दिलाय; स्कॅनरचा दिवा लागतो. ६ आणि १४ वर कॅनच्या (ईसीयू जिच्यावरून माहिती देतो-घेतो ती लाइन) पीळ दिलेल्या दोन वायरी आणल्यात. बॅटरी काढून त्या दोन्हींत मीटर लावला तर ६० ऐवजी १२० ओहम दाखवतो. या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो; त्यातला एका टोकाचा जुन्या हार्नेसबरोबर (वायरींचा जुडगा) गेला असणार. नवा सॉकेटपाशी टाकलेला चालेल, की मेन लाइनच्या टोकालाच हवा? आणि ७ ची के-लाइन (स्कॅनरशी बोलायची जुन्या पद्धतीची वायर) मोकळी ठेवू ना? (सॉकेट बदला म्हणू नका, नवंकोरं आहे.)