फलकावर हुतात्मा लिहावं का कोविड योद्धा?

पेठेतला_पोरगा: आमच्या पेठेतले दोघं, एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय मामा, कोविडमध्ये ड्युटी करताना गेले. मंडळ आता फलक लावतंय. मजकूर आलाय 'कोविड योद्धे, ज्यांनी बलिदान दिले'. एकजण म्हणतो थेट हुतात्मा लिहा. काय बरोबर ओ?

कडक_भाकरी: हुतात्मा आपल्या सोलापुरात जरा जपून. तो शब्द काढला की 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन हेच आठवतात, पुण्याच्या गाडीला पण तेच नाव. 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेलं, त्यामुळं ताणून अर्थ बसेल, पण लोक वेगळंच समजतील.
आणि योद्धा तर मला पहिल्यापासून खटकतो. योद्ध्याला निदान ढाल तरी देतात, इथं सुरुवातीला किट नाही म्हणून रेनकोट घालून काम केलं लोकांनी. 22 मार्चला थाळ्या वाजवल्या, 3 मेला हेलिकॉप्टरमधनं फुलं टाकली, आणि भाड्यानं राहणाऱ्या नर्सला खोली सोडा म्हणणारे पण आपलेच की.

नाईट_ड्युटी: क्रियापदं बघा. बळी 'जातो', बलिदान 'देतात', हौतात्म्य 'पत्करतात'. आपले कोटणीस डॉक्टर 1938 ला चीनला गेले, बरोबरचे परत आले तरी हे तिथंच राहिले आणि 1942 ला तिथंच वारले, त्यांनी ते पत्करलं असं बेलाशक म्हणता येतं. कंत्राटी मामाला कोण विचारतंय, नाही गेला तर नाव कापणार. तरी नुसतं 'बळी' पण नको, कारण मी वॉर्डात होते, किटमध्ये कोण कोण ते कळायचं नाही म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहायचो, तेव्हा सुट्टी असून दुसऱ्याच्या बदली आलेले मामा पण बघितलेत. मी तर साधं 'रुग्णसेवा करताना निधन' लिहीन.

पेठेतला_पोरगा: हे पटलं. पद लिहायचं का? मामाच्या नावाखाली 'इतर कर्मचारी' असं आलंय.

नाईट_ड्युटी: 'इतर' खोडा आधी. कागदोपत्री कक्षसेवक म्हणतात, तेच लिहा, आणि सिस्टरचं अधिपरिचारिका असेल तर तसं, नेमणुकीच्या ऑर्डरवर बघून घ्या. कंसात मामा लिहिलं तरी चालेल, पेठेत त्याच नावानं ओळखत असतील ना.

कडक_भाकरी: फ्लेक्सवाल्याकडनं प्रूफ मागून घ्या, 'श्रद्धांजली'तला द्ध हमखास चुकवतात.