एवढ्याशा वाघनखांनी अफझलखान पडला? की खेळ आधीच झाला होता?

सातारकर_पाहुणा: मागे साताऱ्याला संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखं बघून आलो (महाराजांनी वापरली ती हीच याला पुरावा नाही हे मला माहितीये, तो वाद इथे नको). पण वस्तू मुठीत मावेल एवढी हो. समोर धिप्पाड खान, कमरेला कट्यार, बाहेर सय्यद बंडासारखा पट्टेबाज (पट्टा म्हणजे दांडपट्टा), आणि इकडे हे. मग नक्की जिंकलं कशाने? हत्यार तर खानाकडेच भारी होतं ना?

घाटवाटा_भटक्या: हत्यार नंतर बघू, आधी जागा बघा. खानाचं खरं बळ म्हणजे घोडदळ, हत्ती, तोफा, आणि ते चालतं मोकळ्या मैदानात. महाराज वाईला खानाच्या छावणीत गेलेच नाहीत, वकील पंताजी गोपीनाथांकरवी निरोप काय, तर आम्ही घाबरलोय, खानसाहेबांनीच जावळीत यावं. आणि खान आला की! मी पावसाळ्यानंतर पार गावातून प्रतापगड चढलोय, त्या रानात दहा हात पलीकडचा माणूस दिसत नाही, तिथे घोडदळ काय करणार. 10 नोव्हेंबर 1659 ला खान शामियान्यात येऊन बसला तेव्हाच निम्मी लढाई संपलेली होती असं माझं मत. तोफेचा इशारा झाल्यावर झाडीतनं मावळे बाहेर पडले ते उगाच नाही.

पट्टा_फिरवणारा: वरच्यांचं बरोबर, पण शामियान्यातलं पण बघा. मी कोल्हापूरला वस्तादांकडे चार वर्षं मर्दानी खेळ शिकलो. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळतच नाही, सगळा फिरवायचा तो खांद्यातनं आणि कमरेतनं. भोवती मोकळी जागा नसेल तर पट्टा म्हणजे हातात अडकलेली काठी. तलवारीचं पण तेच, मिठीत आलेल्या माणसावर तलवार उपसून दाखवा बघू. तिथे चालते कट्यार, बिचवा (छोटा वाकडा खंजीर), वाघनख. आणि मिठीचा डाव खानाचाच होता हां, मान काखेत दाबून कुशीत कट्यार मारली, ती अंगरख्याखालच्या चिलखतावर खरडत गेली. माझ्या मते खरा हिरो ते चिलखत, त्याला कोणी विचारत नाही 😀 बाहेर मोकळ्यात मात्र पट्टाच कामाला आला, सय्यद बंडाचा हात जिवा महालाने पट्ट्यानेच उडवला.

सातारकर_पाहुणा: हे पट्ट्याचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण मग याला लोक दगा म्हणतात त्याचं काय? ऑफिसातला एक जण दर वेळी तेच काढतो.

घाटवाटा_भटक्या: त्याला कर्नाटकातल्या सिऱ्याचा राजा कस्तुरीरंग विचारा. अफझलखानाने 1639 मध्ये त्याला भेटीला बोलावूनच मारला होता. हे महाराजांना माहीत नसेल? म्हणून तर चिलखत, जिरेटोपाखाली पण लोखंडी टोप, आणि सय्यद बंडाला लांब करा मगच मी येतो हा हट्ट. बखरीत आहे हे.

टोकियो_मुक्काम: इकडे जपानमध्ये मुसाशी नावाच्या तलवारबाजाचं असंच सांगतात. 1612 च्या आसपास बेटावर कोजिरो या दुसऱ्या तलवारबाजाशी सामना, कोजिरोची तलवार इतकी लांब की तिला कपडे वाळत घालायची काठी म्हणायचे, आणि मुसाशीने येताना नावेतल्या वल्ह्याचीच त्याहून लांब लाकडी तलवार तासली, वर मुद्दाम उशिरा पोचला, तोवर समोरचा चिडून लाल. उशिराचं नंतरच्या लोकांनी रंगवलेलं असावं असं मला वाटतं. पण लांबीचा हिशोब बघा, तिकडे लांबी वाढवून जिंकला, आपल्याकडे संपवून.

पट्टा_फिरवणारा: लाकडाची असून? मग वजन पण बरंच असणार, डोक्यात बसली की धार लागतच नाही. आमचे वस्ताद शिकवताना लाठीच आधी हातात देतात, पट्टा वर्षभराने.