कारच्या लायसन्सवर सहा टनांची कारवान: चालू द्यावं का?

शहादेकर
तोरणमाळच्या घाटात हल्ली कारवान, म्हणजे चाकांवरची घरं, दिसू लागल्यात. राज्याने 2021 मध्ये कारवान पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच झालं. माझा आक्षेप लायसन्सवर आहे. आपल्याकडे एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं (कारचं) लायसन्स, मिळालं की 7500 किलोपर्यंत मोकळं रान. आरटीओत छोट्या कारवर ट्रायल दिलेला माणूस दुसऱ्याच दिवशी सहा टनांचं घर घेऊन सातपुडा चढू शकतो. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पासून कारची परीक्षा पास होणाऱ्याला 3500 किलोच्या पुढे सी-1 ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडेही 3500 च्या वर वेगळी ट्रायल हवीच.

केळीवाला_रावेर
साफ विरोध. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंय, एलएमव्हीवाला 7500 किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन, म्हणजे माल-प्रवासी वाहतुकीची गाडीसुद्धा चालवू शकतो. त्याने अपघात वाढतात याची आकडेवारी कोर्टापुढे कोणी ठेवू शकलं नाही. आमच्याकडची पोरं पिकअप आणि टाटा 407 या छोट्या ट्रकवर केळी वाहून घर चालवतात. नियम कराल हौशी लोकांसाठी आणि रोजी बुडेल या पोरांची. आणखी एक ट्रायल म्हणजे एजंटाची आणखी एक फी, ती कोण भरणार?

शहादेकर
भाऊ, 407 वाल्याचा हात रोज गाडीवर असतो. कारवानवाला सुट्टीपुरतं स्टेअरिंग धरतो, तेही बायकापोरं मागे बसवून. मी फक्त कारवानबद्दल बोलतोय.

बॉडीबिल्डर_धुळे
गाड्यांच्या बॉडी बांधणं हाच माझा धंदा, म्हणून सांगतो. 200 लिटरची टाकी म्हणजे 200 किलो पाणी. ती अर्धी भरलेली असली की वळणावर सगळं पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी कलते. टपावर एसी आणि सोलर, म्हणजे वजन आणखी वर. मागच्या चाकाच्या मागे पाच-सहा फूट बॉडी लोंबत असते. डावीकडे कट मारला की शेपूट उजवीकडे बाहेर येतं आणि बाजूचा मोटारसायकलवाला त्यात सापडतो. कार चालवून हे कळत नाही.

कन्नड घाटात तर ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणारे रोजचे. लायनर तापतात, जळका वास सुटतो, मग कितीही दाबा, गाडी थांबायचं नाव घेत नाही. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हे शिकवलंच पाहिजे.

केळीवाला_रावेर
शिकवा ना! भाड्याने देणाऱ्याने चावी देण्याआधी अर्धा दिवस शेजारी बसून घाट उतरवून दाखवावा. त्याला सरकारी ट्रायल कशाला?

वकील_जळगाव
एक मुद्दा सुटतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(21) मध्ये ट्रान्सपोर्ट वाहन आणि ओम्निबसचं (ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसांची गाडी) भरलेलं वजन धरतात, मोटारकारचं मात्र रिकामं. चार जणांची खासगी कारवान मोटारकारमध्ये गणली, तर पाणी, गॅस, सामान आणि माणसं 7500 च्या हिशेबात येतच नाहीत. परीक्षेचं नंतर बघू, आधी कारवानला भरल्या वजनाचा नियम लावा.

बॉडीबिल्डर_धुळे
वकीलसाहेबांशी शंभर टक्के सहमत. गिऱ्हाईक पलंग, फ्रिज, जनरेटर सगळं बसवून घेतं, पण वजन कोणी विचारत नाही. निघायच्या आदल्या दिवशी टाकी फुल करून, सगळ्यांना आत बसवून जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी चढवा. पावती मिळते, ती आरसी बुकातल्या आकड्याशी ताडून बघा.

केळीवाला_रावेर
वजनकाट्याला माझा विरोध नाही. ट्रायलला आहे, आणि राहणार.