ओराटॅबमध्ये सरसकट ‘वाय’ लावायला सांगू नका

कॉलेजरोड_डीबीए:
काल इथे एकाने लिहिलं, “सर्व्हर रीबूट झाला की सगळे डेटाबेस आपोआप वर आलेच पाहिजेत. ओराटॅबमध्ये सगळीकडे वाय करा आणि निवांत झोपा.” खाली तीन जणांनी ‘बरोबर’ म्हटलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. नवीन लोकांसाठी: ओराटॅब म्हणजे सर्व्हरवरच्या ओरॅकल डेटाबेसांची यादी असलेली फाइल. ओळीच्या शेवटी वाय म्हणजे तो डेटाबेस रीबूटनंतर उठवायचा, एन म्हणजे नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात होतो. एकाच मशीनवर प्रॉडक्शन (रोजच्या कामाचा डेटाबेस), यूएटी (चाचणीचा) आणि प्रॉडक्शनची महिन्यापूर्वीची कॉपी. कॉपी बंदच असायची, ऑडिटवाल्यांनी मागितली की वर काढायची. पण ओराटॅबमध्ये तिच्या ओळीच्या शेवटी वाय. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट गेली, आली, मशीन उठलं आणि कॉपीही उठली. तिच्यातले शेड्युलरचे जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं, चालूच होते. पहाटे ४ वाजता सप्लायरांना जुन्या पर्चेस ऑर्डर पुन्हा मेलने गेल्या. तिसऱ्या दिवशी गेटवर टेम्पो उभा, चलनावर आमचाच पीओ नंबर. माल परत घेऊन जा म्हणताना त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. कुठला डेटाबेस उठायचा आणि कुठला नाही, हे एकेक ओळ बघून ठरवायचं असतं.

पिंपळगावकर:
साहेब, तुमची गोष्ट कॉपीची आहे. माझी प्रॉडक्शनची ऐका. फेब्रुवारी, द्राक्षाचा हंगाम, पॅकहाऊस रात्रभर चालू. डेटाबेस नवीन सर्व्हरवर हलवला होता. डीबीसीएने, म्हणजे ओरॅकलच्या डेटाबेस बनवायच्या टूलने, बनवला की ओराटॅबमध्ये एनच पडतो, तो कोणी बदललाच नाही. रात्री २ वाजता सर्व्हर रीस्टार्ट झाला, डेटाबेस खालीच. लेबल छापेनात, पॅलेट हलेनात, बाहेर कंटेनर उभा. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) झोपलेला, फोन मला. पहाटे साडेपाचपर्यंत बायका पेट्यांजवळ बसून होत्या. ‘एकेक ओळ बघा’ म्हणणारे त्या वेळी कुठे असतात? एक नको ती कॉपी उठलेली परवडली.

सिडको_लिनक्स:
उठलेली कॉपीही परवडत नाही. डीबीस्टार्ट, म्हणजे डेटाबेस उठवणारा स्क्रिप्ट, ओराटॅब फाइल वरून खाली वाचतो. आमच्याकडे टेस्टचे तीन डेटाबेस वर होते, प्रॉडक्शन शेवटी. तिघांनी रॅम खाल्ली आणि प्रॉडक्शनला ‘आउट ऑफ मेमरी’. सगळ्यांना वाय होता.

शिवाय नुसत्या वायवर विसंबू नका. ओरॅकल १२सी पासून बाहेरचा कंटेनर डेटाबेस उठतो, पण आतला पीडीबी, ज्यात आपला डेटा असतो, माउंटेडच राहतो, वापरायला उघडत नाही. १२.१.०.२ पासून पीडीबीची अवस्था लक्षात ठेवणारी ‘सेव्ह स्टेट’ कमांड आहे. पीडीबी ओपन असताना ती कमांड द्यावी लागते. त्याआधीच्या व्हर्जनमध्ये पीडीबी उघडायला स्टार्टअप ट्रिगर लिहावा लागायचा. ओरॅकल रीस्टार्ट (डेटाबेस आपोआप उठवणारी ओरॅकलचीच सोय) वापरत असाल तर तिच्या एसआरव्हीसीटीएल कमांडची पॉलिसी बघा: ऑटोमॅटिक, मॅन्युअल की नोरीस्टार्ट. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना डेबियन लिनक्सवर हे सोपं आहे, प्रत्येक क्लस्टरच्या (त्यांच्या डेटाबेस सर्व्हरच्या) स्टार्ट.कॉन्फमध्ये ऑटो, मॅन्युअल किंवा डिसेबल्ड लिहायचं.

अंबड_इलेक्ट्रिकल:
तुम्ही सगळे वाय-एन करत बसलाय. लाईट गेली म्हणून मशीन बसलंच का, हे कोणी विचारत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या ३ ते ५ वर्षं टिकतात, कोंडलेल्या खोलीत उन्हाळ्यात त्याहून कमी. मी गेलो त्या प्रत्येक सर्व्हर रूममध्ये बॅटरीवरची तारीख पुसलेली. जनरेटर लोड घेईपर्यंतचं अर्धं मिनिटही त्या काढत नाहीत.

कॉलेजरोड_डीबीए:
बॅटरीचा धागा वेगळा काढा. आणि कर्नल पॅच केल्यावर रीबूट आम्हीच करतो, तिथे तुमची बॅटरी काय करणार?

अंबड_इलेक्ट्रिकल:
तुमचा टेम्पो पॅचमुळे आला की लाईटमुळे? स्वतःच लिहिलंय वर. यूपीएसपासून सर्व्हरला सिग्नलची केबल लावली असती तर बॅटरी संपण्याआधी डेटाबेस नीट शटडाऊन झाला असता. ती केबल लावलेली मी वीस ठिकाणी शोधली, दोन ठिकाणी सापडली.

पिंपळगावकर:
हे मात्र खरं आहे. आमच्याकडे बॅटरीची फाइल अकाउंट्समध्ये दोन हंगाम पडून होती. “अजून चालतंय ना?” एवढंच उत्तर.

सिडको_लिनक्स:
लाईट गेली तरी ओरॅकल उठताना रीडूवरून, म्हणजे बदलांच्या नोंदीच्या फाइलवरून, स्वतः रिकव्हरी करतो. डेटा जात नाही. उगाच घाबरवू नका.

अंबड_इलेक्ट्रिकल:
डिस्क गेली तर रीडू कुठून वाचणार? तुम्ही सॉफ्टवेअरवाले स्क्रीनच्या मागे बघतच नाही.

सिडको_लिनक्स:
तोंड सांभाळून बोला. पंधरा वर्षं रॅकमध्ये हात घालतोय. उलट लाईट आल्यावर स्टोरेज उशिरा उठलं आणि डीबीस्टार्ट आधी चालला, हे मी दोनदा भोगलंय. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिटमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’, म्हणजे आधी डिस्क जोडली जाऊ दे, असं घातलं तेव्हा थांबलं.

पिंपळगावकर:
कॉलेजरोड, मूळ मुद्द्यावर या. प्रॉडक्शनला वाय हवा की नको? सरळ सांगा.

कॉलेजरोड_डीबीए:
हवा. मी कधी नको म्हटलं? माझं भांडण ‘सगळीकडे’ या शब्दाशी आहे. प्रॉडक्शनला वाय आणि ती ओळ सगळ्यात वर. बाकी सगळे एन. कॉपी केली की त्याच दिवशी तिचे जॉब बंद करायचे, ती कधी उठेल सांगता येत नाही.

पिंपळगावकर:
मग पहिल्या पोस्टमध्ये हे एक वाक्य घालायचं होतं. ते वाचून उद्या एखादा घाबरून प्रॉडक्शनलाही एन करेल, आणि फोन मला येईल.

कॉलेजरोड_डीबीए:
मान्य. आज आमचे चारही सर्व्हर तपासले. एका ठिकाणी प्रॉडक्शनच्याच ओळीला एन निघाला. बदलला. दुसऱ्या ठिकाणी पीडीबीला सेव्ह स्टेट नव्हतं, तेही केलं. रविवारी रीबूट करून बघणार आहे.

अंबड_इलेक्ट्रिकल:
आणि केबल?

कॉलेजरोड_डीबीए:
यूपीएसच्या खोक्यात होती. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. लावतो रविवारीच. पण हा धागा ओराटॅबचाच आहे.